पित्त फुटलं की पीफासचा आकडाही फसतो

मासा पवई तलावातला चिलापी असो की आंध्रातून बाजारात आलेला रोहू, त्यातला पीफास मोजताना बहुतेक घोळ यंत्रापर्यंत पोचण्याआधीच, कापताना होतात.

पीफास म्हणजे न चिकटणारे तवे, डाग न धरणारं कापड, आग विझवायचा फेस यांतली रसायनं. डीडीटी चरबीत साठतं, पीफास मात्र प्रथिनांना धरून राहतो. म्हणून रक्तात, यकृतात आणि गाबोळीत तो मांसापेक्षा जास्त सापडतो. तपासणी बहुधा मांसाचीच होते आणि गाबोळी तर आपण चवीनं तळून खातो! अहवालात कोणता भाग तपासलाय, हे आधी बघावं. आकडा ओल्या वजनावर आहे की सुक्या, हेही. त्यात चार-पाच पटींचा फरक पडतो.

नमुना फॉइलमध्ये गुंडाळायचा नाही, टेफ्लॉनचं झाकण वापरायचं नाही. त्यांतूनच पीफास मिसळू शकतो. पॉलिप्रॉपिलीनची नळी घ्यायची. दर खेपेला मांस न घातलेली एक कोरी नळीही सोबत चालवायची. तिच्यात पीफास दिसला, तर तो माशाचा नव्हे.

2 ग्रॅम मांसाच्या लगद्यात जड कार्बनचा खूणगाठ-पीएफओएस (पीएफओएस हा पीफासपैकीच एक) मोजून घालतात; शेवटी तो किती उरला, त्यावरून वाटेतली गळती कळते. मग 0.05 मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलेलं 10 मिली मेथॅनॉल ओतून 16 तास हलवत ठेवायचं. पुढे सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून गाळ वेगळा करायचा, कार्बननं सफाई करायची आणि पीफास धरून ठेवणाऱ्या कार्ट्रिजमधून द्रव सोडायचा.

मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र, पीएफओएसचा 499 वस्तुमानाचा आयन फोडून 80 चा तुकडा मोजतो. पित्तातल्या टॉरोडीऑक्सिकोलिक आम्लाचं वस्तुमान जवळपास तेवढंच, आणि त्यातूनही 80 चाच तुकडा निघतो. मासा कडू होतो म्हणून कोळीण पित्त फुटू देत नाही. इथे फुटलं, तर आकडा उगाच फुगतो. त्यामुळे 99 चा तुकडाही तपासतात, आणि यंत्राआधी पदार्थ वेगवेगळे करणाऱ्या स्तंभातून पित्ताम्ल व पीएफओएस किमान एक मिनिटाच्या अंतरानं बाहेर पडतात ना, हे आधीच पाहून घेतात.

युरोपात 2023 पासून बऱ्याच माशांच्या मांसाला पीएफओएसची मर्यादा किलोमागे 2 मायक्रोग्रॅम आहे. काही जातींना जास्त सूट मिळते. तिथल्याच अन्नसुरक्षा संस्थेनं 2020 मध्ये चार पीफास मिळून आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे 4.4 नॅनोग्रॅम एवढंच सेवन सुरक्षित ठरवलं. 60 किलोच्या माणसाला ते 264 नॅनोग्रॅम होतात. म्हणजे 2 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेला टेकलेला, ग्रॅममागे 2 नॅनोग्रॅमचा मासा 132 ग्रॅम खाल्ला, की आठवड्याचा वाटा संपला. जेमतेम दोन तुकड्या.