चिरेचं टोक

न्यू जर्सीत माझ्या भावाच्या घरामागे पोहण्याचा छोटा तलाव आहे. थंडी आली की त्यावर ताडपत्री पडते, ती थेट मे महिन्यात निघते. गेल्या नोव्हेंबरात मी तिथे असताना काठाच्या सिमेंटवर घासून घासून तिला वीतभर चीर पडली. वहिनींनी वर रुपेरी चिकटपट्टी लावली. चौथ्या दिवशी पट्टीचे कोपरे वर वळलेले आणि चीर पट्टीबाहेर दोन बोटं पुढे सरकलेली.

‘पट्टीच स्वस्तातली’ असं सगळे म्हणाले. मला मात्र त्या चिरेच्या टोकाबद्दल बोलायचं आहे.

ताणलेल्या ताडपत्रीत ताण सगळीकडे सारखा वाटलेला असतो. चीर पडली की मधली वाट तुटते. मग तो ताण वळसा घेतो आणि टोकाशी गर्दी करतो. इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने १९१३ साली याचं गणित मांडलं. रुंद पत्र्याला गोल भोक असेल तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लंबगोल, ताणाला आडवं आणि रुंदीच्या दहापट लांब असेल, तर १ + २ × १० म्हणजे २१ पट! टोक जितकं अणकुचीदार, तितका आकडा मोठा. ताडपत्री पॉलिथिनच्या पट्ट्यांनी विणलेली असते, त्यामुळे तिथे हेच आकडे तंतोतंत येत नाहीत. पण टोकाजवळची पट्टी आधी तुटते, मग तिच्या शेजारची. वाऱ्याने कापड फडफडलं की एकेक पट्टी जाते.

म्हणून ठिगळ चिरेएवढं नको, टोकांच्या पुढे चारही बाजूंनी वीतभर हवं, म्हणजे ताण ठिगळातून पलीकडे जातो. ठिगळाचे कोपरेही गोल कापायचे. चौकोनी कोपऱ्याशी पुन्हा तीच गर्दी होते, आणि सोलणं तिथूनच सुरू होतं.

राहिला चिकटण्याचा प्रश्न. पॉलिथिन म्हणजे नुसते कार्बन आणि हायड्रोजन. गोंदाने धरावं असं त्याच्या पृष्ठभागावर काही नसतं. पृष्ठभागाची दुसऱ्याला ओढून धरण्याची ताकद म्हणजे पृष्ठऊर्जा; तिच्या भाषेत पाण्याचा आकडा ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर, पॉलिथिनचा जेमतेम ३१. गोंद पसरण्याऐवजी थेंब करून बसतो. ‘कशालाही चिकटतं’ ही जाहिरात या प्लास्टिकपुढे साफ खोटी ठरते. ब्यूटाइल रबराची मऊ पट्टी बरी, कारण ती दाबली की खाचाखोचांत शिरते.

आम्ही उन्हाचा दिवस गाठला. काठावरच्या पाण्याने भरलेल्या लांब पिशव्या बाजूला करून ताडपत्रीची कड जमिनीवर ओढली, पुसून कोरडी केली आणि दोन्ही बाजूंनी ठिगळं दाबली. ताडपत्रीवर पाय मात्र कुणी ठेवू नये; ती माणसाचा भार घेत नाही आणि खाली गेलेला माणूस तिच्यात गुरफटतो.

चीर तशीच ठेवणंही महागात पडतं. वर साठलेलं पावसाचं पाणी पंपाने काढायला जावं, तर चिरेतून तलावाचंच पाणी वर येत राहतं. तलावाची पातळी उतरते, ताडपत्रीचा खालचा आधार जातो आणि ताण आणखी वाढतो.

मार्चमध्ये भावाने फोटो पाठवला. ठिगळाचे कोपरे बसलेले होते. ताडपत्री मात्र यंदा बदलावीच लागेल. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्या प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटल्या आहेत, नखाने खरवडलं की निळी भुकटी हाताला लागते.