क्विक्सॉटिक: एका एक्सची गोष्ट

'क्विक्सॉटिक' या इंग्रजी विशेषणाला मराठीत बहुतेक वेळा 'ध्येयवेडा' हा शब्द दिला जातो. तो पुरत नाही. ध्येयवेड्या माणसाचं काम तडीस जाऊ शकतं. क्विक्सॉटिक माणसाचा हेतू उदात्त असतो, पण व्यवहाराशी त्याचा मेळ कधीच बसत नाही. 'शेखमहंमदी' हा आपला शब्द जवळ येतो, तरी फरक उरतोच. शेखमहंमद बसल्या जागी मनोरथ रचतो, आणि हा गडी खरोखरच घोड्यावर बसून निघतो.

हे विशेषण सर्व्हान्तेस या स्पॅनिश लेखकाच्या कादंबरीच्या नायकावरून, डॉन किहोतेवरून आलं. कादंबरीचा पहिला भाग 1605 मध्ये निघाला, दुसरा 1615 मध्ये. सगळ्यांना पवनचक्क्यांवरचा हल्ला आठवतो, पण या शब्दाची खरी ओळख मला पहिल्याच प्रकरणात सापडते. नायकाला घरात पणजोबांच्या काळातलं गंजलेलं चिलखत मिळतं. शिरस्त्राणाला चेहरा झाकणारा पुढचा भाग नसतो. तो पुठ्ठ्याचा बनवून जोडण्यात आठवडा जातो. मग मजबुती बघायला तो तलवार चालवतो आणि पहिल्याच घावात आठवड्याची मेहनत मातीत. पुन्हा बनवताना तो आतून लोखंडी पट्ट्या लावतो आणि या वेळी चाचणीच घेत नाही! शिरस्त्राण उत्तम आहे असं ठरवून मोकळा होतो. क्विक्सॉटिक म्हणजे काय, हे कोशापेक्षा या प्रसंगातून लवकर कळतं.

त्यानंतर घोड्याचं नाव शोधण्यात चार दिवस जातात आणि स्वतःचं शोधण्यात आठ. आठ दिवसांनी सुचलेलं नाव गमतीचं आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये 'किशोते' म्हणजे मांडीवर घालायचं चिलखत. हा शब्द कातालान भाषेतून आलेला, आणि त्याच्या मुळाशी कंबरेच्या सांध्यासाठीचा 'कोक्सा' हा लॅटिन शब्द. शिवाय स्पॅनिशमध्ये 'ओते' हा प्रत्यय लागला की शब्दाला थोराड, बेढब अशी छटा येते. म्हणजे स्वारी स्वतःला शूर सरदार समजत असली, तरी वाचणाऱ्याला नावातच हसू फुटावं अशी सोय लेखकाने करून ठेवली आहे.

वर 'किशोते' लिहिलं, ती चूक नाही. 1605 च्या स्पॅनिशमध्ये एक्स या अक्षराचा उच्चार 'श' होता. त्याच काळात हे नाव शेजारच्या भाषांत गेलं, म्हणून फ्रेंच लोक आजही 'किशोत' म्हणतात आणि इटालियन 'किशोत्ते'. पुढे स्पॅनिशमध्ये तो 'श' घशातल्या 'ख'कडे सरकला. 1815 मध्ये स्पॅनिश अकादमीने शुद्धलेखन सुधारलं, तेव्हा अशा शब्दांतल्या एक्सच्या जागी 'जे' हे अक्षर आलं.

इंग्रजीने मात्र जुना एक्स सोडला नाही. थॉमस शेल्टनचा इंग्रजी अनुवाद 1612 मध्ये आला. अठराव्या शतकात विशेषण रुळलं, ते छापील अक्षरं इंग्रजी वळणाने वाचूनच. त्यामुळे आज तोच इंग्रज नायकाला 'किहोटी' म्हणतो आणि विशेषण उच्चारताना 'क्विक्सॉटिक' म्हणतो. तर्क शोधायला जाऊ नये.

हाच एक्स स्क्रॅबल या शब्द जुळवण्याच्या खेळाच्या पटावर खणखणीत वाजतो. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुरचनाकाराने 1930 च्या दशकातल्या मंदीत हा खेळ रचला आणि कोणतं अक्षर किती वेळा येतं, हे वर्तमानपत्रांतून मोजून अक्षरांची किंमत ठरवली. 100 टाइल्समध्ये, म्हणजे अक्षरांच्या चकत्यांमध्ये, क्यू एकच, 10 गुणांचा. एक्सही एकच, 8 गुणांचा. 'क्विक्सॉटिक'ची आठ अक्षरं मिळून 26 गुण होतात. (जे हे अक्षरही 8 गुणांचंच, तेव्हा इंग्रजांनी स्पॅनिश सुधारणा मानली असती तरी बेरीज तीच राहिली असती.)

अडचण अशी की हातात टाइल्स सातच असतात. आठवं अक्षर पटावर आधीच, आणि नेमक्या जागी, पडलेलं लागतं. विशेषनामं खेळात चालत नाहीत, पण 'क्विक्सोट' हे स्वप्नाळू माणसासाठीचं सामान्यनाम म्हणून चालतं. त्यात सातच अक्षरं आणि 23 गुण. पहिल्याच खेळीत ते असं मांडलं की क्यू अक्षराचे गुण दुप्पट करणाऱ्या घरात बसेल, तर पहिल्या खेळीत शब्दाचे गुण दुप्पट होत असल्याने 66, आणि सातही टाइल्स वापरल्याच्या 50 गुणांसह 116 होतात.

या कुळातल्या शब्दाचा सर्वांत गाजलेला डाव 2006 चा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनच्या क्लबात मायकेल क्रेस्टाने 'क्विक्सॉट्री' हे नाम लावून एका खेळीत 365 गुण घेतले. त्याची एकूण गुणसंख्या 830 झाली. हिशेब सरळ आहे: अक्षरांचे 27, एक्स दुप्पट घरात म्हणून आणखी 8, झाले 35. शब्दाचे गुण तिप्पट करणाऱ्या दोन घरांवरून तो गेला म्हणून नऊपट, म्हणजे 315. वर सातही टाइल्सचे 50. शेवटी आर-वायऐवजी आय-सी येऊन त्याच आठ घरांत विशेषण बसलं असतं, तर 356 झाले असते. नऊ कमी, कारण सी हे अक्षर वायपेक्षा एका गुणाने स्वस्त आहे.