हस्तिदंतावरचे फ्रेंच लघुचित्र : घेण्याआधी आणि घेतल्यावर

(लंडनमधील आमच्या दुकानात येणाऱ्या मराठी ग्राहकांसाठी)

तळहातावर मावणारे हे चित्र हाती दिले की बहुतेक जण विचारतात, चेहरा आतून उजळल्यासारखा कसा दिसतो? ती सारी किमया हस्तिदंताची. १७०० च्या सुमारास व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या चित्रकर्तीने वासराच्या कातड्याऐवजी हस्तिदंताची चकती वापरायची पद्धत रूढ केली. १७२० मध्ये ती पॅरिसला गेली, आणि तिथल्या राजेशाही कला अकादमीने तिला सदस्य करून घेतले. चकती अगदी पातळ कापलेली असते. तिचा तेलकटपणा काढून, प्युमिस या सच्छिद्र दगडाच्या भुकटीने घासून मगच रंग लावत. चेहऱ्यावर पारदर्शक जलरंगाचे बारीक ठिपके, कपड्यांना मात्र जाड, अपारदर्शक रंग. मूळचा स्वीडनचा आणि १७६६ पासून पॅरिसमध्ये राहिलेला पेटर आडोल्फ हाल याने हेच काम जरा सैल हाताने केले. आम्हाला त्याचीच चित्रे जास्त आवडतात.

छायाचित्र नव्हते तेव्हा लोक अशी चित्रे डबीच्या झाकणावर, कड्यात किंवा अंगठीत जडवून जवळ बाळगत.

विकत घेताना सहीवर भाळू नका. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत आणि तिच्या दरबारातल्या बायकांचे चेहरे पुढे शंभर-दीडशे वर्षे हौशी गिऱ्हाइकांसाठी रंगवले गेले, आणि त्यांवर नामांकित चित्रकारांच्या सह्या ठोकल्या गेल्या. भिंगातून पाहा. ठिपके एकसारख्या जाळीत बसलेले दिसले, तर ती छपाई समजा. गरम सुई टोचून हस्तिदंत 'तपासण्याचा' सल्ला कुणी दिला तर हात जोडा. त्याने चित्राला भोक पडते आणि पुरावा म्हणून फार काही हाती लागत नाही.

ब्रिटनमध्ये हस्तिदंताच्या वस्तूंची विक्री २०२२ पासून जवळपास बंद आहे. १९१८ पूर्वीच्या आणि ३२० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या लघुचित्रांना सूट आहे, पण विकण्याआधी नोंदणी लागते. ती आम्ही करून देतो. पुण्यातल्या भाचीला भेट म्हणून मात्र हे चित्र पाठवू नका किंवा बॅगेतून नेऊ नका. भारतात हस्तिदंत नेण्यास बंदी आहे आणि सोबत आमची पावती असली तरी ती चालत नाही.

घरी आणल्यावर मुख्य वैरी दमट हवा. हस्तिदंत ओलावा शोषून फुगतो, सुकला की आकसतो, आणि मग वाकतो किंवा उभा चिरतो. त्यामुळे रेडिएटर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, खिडकीतले ऊन, यांपासून दूर ठेवा. उन्हाने गालांचा गुलाबी रंग आधी उडतो. रंग डिंकात कालवलेला असल्यामुळे ओले बोट लागले तरी निघतो. जुन्या काचेच्या आतल्या बाजूला घामासारखे थेंब दिसू लागले, तर स्वतः उघडू नका. मऊ कापडात गुंडाळून, आडवे ठेवून आमच्याकडे आणा. नुसते पाहून सांगण्याचे पैसे घेत नाही.