खिम्यातला जिवाणू ‘भेसळ’ कधी ठरला?

गोमांसाच्या खिम्यात ई. कोलाय ओ१५७:एच७ हा घातक जिवाणू सापडला, की अमेरिकेत तो माल विकता येत नाही. बाजारात गेला असेल तर परत मागवला जातो. हा नियम पहिल्यापासूनच असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात १९९४ पर्यंत असा कच्चा खिमा विकणं कायद्यानं चूक नव्हतं. नीट शिजवायची जबाबदारी खाणाऱ्याची.

मांस तपासणीचा कायदा १९०६चा. निरीक्षक मांस पाहायचे, चाचपायचे, त्याचा वास घ्यायचे. रोगट जनावर त्यातून पकडलं जाई, जिवाणू सुटे. सरकारी शिक्क्यामुळे मांस निर्धोक असल्याचा समज होतो, तेव्हा त्यावर साल्मोनेला या जिवाणूचा इशारा छापा, अशी मागणी घेऊन सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातली एक संघटना न्यायालयात गेली. १९७४ मध्ये न्यायालयानं ती फेटाळली. कारण दिलं ते असं, की मांस कसं शिजवायचं हे गृहिणींना कळतं.

१९८२ मध्ये ओरेगन आणि मिशिगनमध्ये लोकांना रक्ताचे जुलाब होऊ लागले. एकाच साखळीच्या हॉटेलांतले हॅम्बर्गर हा त्यांच्यातला समान धागा निघाला आणि ओ१५७:एच७ हे तोवर जवळपास अपरिचित नाव पुढे आलं. पुढच्याच वर्षी टोरांटोत मोहम्मद करमाली आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांची मूत्रपिंडं अचानक निकामी होण्याचा संबंध अशाच विष तयार करणाऱ्या ई. कोलायशी जोडून दाखवला.

खिमाच का, हे इथे समजून घ्यायला हवं. हा जिवाणू गुरांच्या आतड्यात राहतो आणि त्यांना सहसा आजारी पाडत नाही, त्यामुळे जनावर पाहून काही कळत नाही. कातडी सोलताना शेण लागलं, की तो मांसाच्या पृष्ठभागावर येतो. अखंड तुकडा असेल तर बाहेरून भाजल्यावर तो मरतो. दळताना मात्र बाहेरचं सगळं आत जातं, शिवाय एका घाण्यात अनेक जनावरांचं मांस एकत्र होतं. आजारी पडायला शंभराहून कमी जिवाणूही पुरतात.

जानेवारी १९९३ मध्ये हे सगळं एकदम उघड्यावर आलं. ‘जॅक इन द बॉक्स’ या हॉटेलांच्या साखळीतल्या हॅम्बर्गरमुळे चार राज्यांत सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. वॉशिंग्टन राज्याचा नियम ६८ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवण्याचा होता, केंद्राची शिफारस ६० अंशांची. कंपनीनं राज्याचा नियम पाळला नव्हता. पण त्या मुलांपैकी एकानं हॅम्बर्गर खाल्लाच नव्हता. पाळणाघरातल्या दुसऱ्या मुलाकडून त्याला लागण झाली. त्याच्या घरच्यांनी काय नीट शिजवायचं होतं? माझ्या मते १९७४चा युक्तिवाद खऱ्या अर्थानं इथे कोसळला.

सप्टेंबर १९९४ मध्ये कृषी खात्याच्या अन्न सुरक्षा विभागाचे प्रमुख मायकेल टेलर यांनी मांस उद्योगाच्याच सभेत जाहीर केलं, की कच्च्या खिम्यातला ओ१५७:एच७ यापुढे भेसळ मानला जाईल, म्हणजे असा माल विकता येणार नाही. उद्योगानं टेक्सासमध्ये दावा लावला आणि तो हरला. न्यायालयानं ध्यानात घेतलेली गोष्ट साधी होती: आतून लालसर राहिलेला हॅम्बर्गरही पुष्कळांना नीट शिजलेलाच वाटतो. घरी आज ७१ अंशांपर्यंत शिजवायला सांगतात, तेही थर्मामीटर लावून, कारण रंगावर भरवसा ठेवता येत नाही.

कत्तलखान्यांना धोक्याच्या जागा आधीच हेरून त्यांवर नियंत्रण ठेवणं बंधनकारक करणारा नियम १९९६ मध्ये आला. त्याच वर्षी ‘पल्सनेट’ हे प्रयोगशाळांचं जाळं सुरू झालं. वेगवेगळ्या राज्यांतल्या रुग्णांमधल्या जिवाणूंचे जनुकीय ठसे जुळवून एकच उगम शोधता येऊ लागला. १९९७ मध्ये ‘हडसन फूड्स’ या मांस कंपनीला सुमारे १ कोटी १० लाख किलो खिमा परत मागवावा लागला. २०१२ पासून ई. कोलायच्या आणखी सहा प्रकारांना भेसळीचा नियम लागू झाला.

साल्मोनेला या यादीत नाही. कच्च्या खिम्यात तो नुसता सापडला, तर तेवढ्यावरून माल भेसळीचा ठरत नाही. तो शिजवून मारण्याचं काम १९७४ प्रमाणेच स्वयंपाकघराकडे आहे.