शेरीफांचा बंदूक-कायद्यांना नकार

अमेरिकेतील एखाद्या राज्याने केलेला बंदूक नियंत्रणाचा कायदा आपल्या काउंटीत राबवणार नाही, असे तिथल्या शेरीफने उघडपणे जाहीर करण्याची प्रथा. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. २०१३ पासून ही प्रथा विशेष ठळक झाली.

मुंबईचा शेरीफ, म्हणजे नगरपाल, हे वर्षभराचे मानाचे पद. त्या ओळखीवरून अमेरिकेतला शेरीफ समजत नाही. तो काउंटीचा पोलीसप्रमुख असतो, बहुतेक ठिकाणी तुरुंगही त्याच्याच ताब्यात असतो आणि जवळजवळ सर्व राज्यांत मतदार त्याला थेट निवडून देतात. आपल्याकडे पोलीस अधीक्षकाची बदली एका सरकारी आदेशाने होते. तिथे शेरीफची बदली होतच नाही. नकार देण्याचे बळ त्याला मिळते ते इथून.

घटनेची शपथ घेतली आहे आणि घटनेची दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा हक्क देते, हा शेरीफांचा मुख्य युक्तिवाद. आधार म्हणून १९९७ च्या प्रिंट्झ खटल्याचा दाखला दिला जातो. बंदूक खरेदीदाराची पूर्वतपासणी, म्हणजे त्याच्या पार्श्वभूमीची पडताळणी, स्थानिक पोलीसप्रमुखांवर लादणाऱ्या केंद्रीय ब्रेडी कायद्याला माँटानाचे जे प्रिंट्झ आणि ॲरिझोनाचे रिचर्ड मॅक या शेरीफांनी आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र तो निकाल केंद्र आणि राज्ये यांच्यातला आहे. काउंटी ही राज्याचीच निर्मिती असल्याने राज्याच्या कायद्याविरुद्ध तो उपयोगी पडत नाही. दाखला देताना नेमका हा भेद गाळला जातो. मॅक यांनी पुढे ‘घटनानिष्ठ शेरीफां’ची संघटना उभारली, घटनेचा अर्थ लावून कायदा अडवण्याचा अधिकार शेरीफला आहे, असे ती मानते. असा अधिकार न्यायालयांनी मान्य केलेला नाही.

कोलोरॅडो हे या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण. २०१२ मध्ये ऑरोरा येथील चित्रपटगृहात १२ जणांची हत्या झाली. पुढच्या वर्षी राज्याने १५ पेक्षा जास्त गोळ्या मावणाऱ्या मॅगझिनच्या, म्हणजे बंदुकीला जोडायच्या गोळ्यांच्या पेटीच्या, विक्रीवर बंदी घातली आणि खासगी विक्रीतही खरेदीदाराची पूर्वतपासणी सक्तीची केली. बहुसंख्य शेरीफ कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले. त्यांचा दावा टिकला नाही. वेल्ड काउंटीचे जॉन कुक यांनी अंमलबजावणीस नकार देताना मांडलेली अडचण मात्र खरी होती: आधीपासून जवळ असलेली मॅगझिन वैध होती, मग जुनी कोणती आणि नवी कोणती, हे पोलिसाने ओळखायचे कसे?

कोलोरॅडोच्याच २०१९ च्या ‘रेड फ्लॅग’ कायद्याने प्रश्न अधिक गंभीर केला. स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या व्यक्तीची शस्त्रे न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेण्याची ही तरतूद. मूळ कायद्यात आदेशासाठी अर्ज कुटुंबीय किंवा पोलीस करू शकत, आणि शस्त्रे ताब्यात घ्यायला पोलीसच लागतात. वेल्डचे पुढचे शेरीफ स्टीव्ह रीम्स यांनी तुरुंगात जाईन, पण हा आदेश राबवणार नाही, असे सांगितले. डग्लस काउंटीचे टोनी स्पर्लॉक यांनी मात्र कायद्याची बाजू लावून धरली. त्यांचे सहकारी झॅकरी पॅरिश २०१७ च्या शेवटच्या दिवशी एका मनोरुग्ण बंदूकधाऱ्याच्या गोळीबारात मारले गेले होते. कायद्याला पॅरिश यांचेच नाव आहे. नकाराची किंमत कोण मोजतो, हे स्पर्लॉक यांच्या भूमिकेतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही घटनात्मक चर्चेतून होत नाही.

इलिनॉयमध्ये २०१८ पासून काउंट्या स्वतःला बंदूकधारकांची ‘सँक्च्युअरी’, म्हणजे अभयक्षेत्र, म्हणवू लागल्या. स्थलांतरितांना आश्रय देणाऱ्या शहरांचा शब्द तिथे जाणीवपूर्वक उचलला होता. ही लाट व्हर्जिनियासह अनेक राज्यांत पसरली. २०२३ मध्ये इलिनॉयने हल्ल्यासाठीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली, तेव्हा राज्याच्या १०२ काउंट्यांपैकी बहुतेकांच्या शेरीफांनी ती राबवण्यास नकार दिला. त्याच वर्षी ओरेगनच्या अपील न्यायालयाने कोलंबिया काउंटीचा असा स्थानिक नियम अवैध ठरवला. लेखी नियम न्यायालय रद्द करू शकते. पण मनुष्यबळ अपुरे आहे, इतर गुन्हे आधी पाहायचे आहेत, असे सांगून एखादा शेरीफ स्वस्थ बसला, तर रद्द करण्यासारखे काहीच हाती लागत नाही.