‘पासपोर्ट साईज’ फोटो आणि पासपोर्टचा फोटो: तान्ह्या बाळाच्या बाबतीत फरक कुठे पडतो

स्टुडिओत जाऊन ‘बाळाचे पासपोर्ट साईज आठ द्या’ म्हटलं की थोड्याच वेळात पाकीट हातात पडतं. अंगणवाडीला, बालवाडीच्या अर्जाला, मुलीच्या सुकन्या खात्याला ते फोटो बिनबोभाट चालतात, कारण तिथे पट्टी लावून कुणी बघत नाही. त्यातलाच एक घेऊन पासपोर्ट सेवा केंद्रात गेलं, तर मात्र ‘हा चालणार नाही, दुसरा आणा’ ऐकायची वेळ येऊ शकते. कोकणातल्या मंडणगड किंवा देवगडहून पहाटेची एसटी पकडून, बाळ कडेवर घेऊन आलेल्या माणसाला हे फार महागात पडतं.

आधी हे पाहा की फोटो न्यायचा कुणाचा. ४ वर्षांवरच्या सगळ्यांचा फोटो केंद्रातला कॅमेरा तिथेच काढतो. त्यांच्यासाठी स्टुडिओला पैसे घालू नयेत. ४ वर्षांखालच्या मुलाचा छापील रंगीत फोटो मात्र आपणच न्यायचा: ३.५ सेंमी रुंद, ४.५ सेंमी उंच, मागे पांढरं. आधार केंद्रात याची गरज पडत नाही, तिथे लहान मुलांचाही फोटो जागेवरच काढतात.

माप दोन्ही फोटोंचं बहुधा एकच असतं, गोंधळ होतो तो त्यामुळेच. फरक चौकटीच्या आत आहे. स्टुडिओचा नेहमीचा फोटो छातीपर्यंत असतो, मागे निळा किंवा आकाशी रंग, चारी बाजूंनी पांढरी कड, आणि चेहरा संगणकावर उजळ केलेला. पासपोर्टच्या फोटोत चेहरा आणि खांद्याचा वरचा भाग एवढंच हवं. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशातल्या भारतीय वकिलाती आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (ICAO) नियमांवर बेतलेला फोटो मागतात: फाइल ६३० गुणिले ८१० पिक्सेल, चेहऱ्याने फोटोचा ८० ते ८५ टक्के भाग व्यापलेला, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, संगणकावर फेरफार नाही. बाळ आखातात जन्मलं असेल तर थेट हेच नियम लागतात. इथे गावाला काढतानाही तेच डोळ्यांसमोर ठेवलेलं बरं. त्यात बसणारा फोटो इथेही अडत नाही.

८० टक्क्यांचा हिशेब पट्टीवर मांडला तर ४५ मिलिमीटर उंचीत टाळूपासून हनुवटीपर्यंत साधारण ३६ ते ३८ मिलिमीटर होतात. बाळाचं डोकं गोल, त्यामुळे एवढ्या आकारात दोन्ही कानांशी जेमतेम जागा उरते. मान जराशी कलली की एक कान कापला जातो. म्हणून मोबाईलवर काढताना चौकट कधीच घट्ट धरू नये. भोवती भरपूर पांढरं सोडून काढावं आणि नंतर कापावं.

पांढरी पार्श्वभूमी म्हणजे खरोखरचं पांढरं कापड, संगणकाने चिकटवलेलं नव्हे. बाळाचं जावळ विरळ आणि उडतं असतं. मागचा निळा रंग काढून पांढरा भरताना सॉफ्टवेअर ते जावळ खातं आणि डोक्याची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. कानाच्या पाळीचंही तेच. स्टुडिओत गेलात तरी आधीच सांगा: मागे पांढरा पडदा लावूनच काढा, रंग बदलू नका, गोरं करू नका. हे तिसरं वाक्य विसरू नये, कारण उजळ करणं ही बहुतेक ठिकाणी सवय झालेली आहे, विचारून कुणी करत नाही.

कपड्याची चूक नेमकी उलटी. बारशाचं पांढरं झबलं मागच्या पांढऱ्यात विरघळतं आणि डोकं हवेत तरंगल्यासारखं वाटतं. गडद निळं, मरून, बाटली हिरवं असं काहीतरी घालावं. टोपडं, कुंची, केसांचा पट्टा काढावा. तीट आणि काजळ पुसून घ्यावं: फोटोत तीट तीळासारखी दिसते, आणि दमट हवेत काजळ पसरून डोळ्यांखाली काळं होतं. आजीची समजूत घालणं हे यातलं सगळ्यात अवघड काम; फोटो झाल्यावर लगेच लावू, असं म्हणावं. तेल लावून नुकतीच अंघोळ झाली असेल तर कपाळ चमकतं, तिथे मऊ कापड फिरवावं.

घरी काढायचा तर जागा नीट निवडायला हवी. कोकणातल्या घराची अडचण उजेड कमी असण्याची नाही, तो रंगीत असण्याची आहे. जांभ्याच्या भिंतीवरून आणि तांबड्या मातीच्या अंगणातून परतलेला उजेड गालांवर लालसर येतो. माडा-पोफळीच्या सावलीत चेहरा हिरवट दिसतो. डोळ्यांना हे जाणवत नाही, पांढऱ्या चादरीवर मात्र लगेच उठून दिसतं. ओटीवर किंवा पडवीत, सकाळी ९ ते ११ च्या सुमारास, जिथे आकाशाचा उजेड येतो पण ऊन पडत नाही अशी जागा धरावी आणि जमिनीवर बाळाच्या आसपास आणखी एक पांढरं कापड पसरावं. ढगाळ दिवस उत्तम, फक्त पागोळ्या गळत असताना बाळाचं सगळं लक्ष तिकडेच जातं.

मान न धरणाऱ्या बाळाला पाठीवर झोपवावं. खाली इस्त्री केलेली पांढरी चादर, कारण चुरगळलेल्या चादरीची प्रत्येक घडी सावली टाकते. डोकं उजेडाकडे, पाय घराच्या आतल्या बाजूला. उलट झोपवलं तर उजेड हनुवटीखालून येतो आणि चेहरा भेसूर दिसतो. फोटो काढणाऱ्याने पायांच्या बाजूला उभं राहून वरून वाकावं, म्हणजे त्याची सावली पडत नाही. मोबाईल चेहऱ्याला समांतर हवा. अंतर दीड मीटरच्या आसपास, आणि जवळ जाण्याऐवजी दुप्पट झूम. अगदी जवळून काढलं की नाक मोठं आणि कान लहान येतात. फ्लॅश बंद, ब्युटी मोड बंद, पोर्ट्रेट मोडही बंद, कारण तो कानांच्या कडा धूसर करतो. चादर करडी दिसत असेल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा वाढवावा.

मान धरलेलं पण नीट न बसणारं बाळ असेल तर कुणीतरी पांढरी चादर अंगावरून घेऊन बसावं आणि बाळाला मांडीवर घ्यावं. आधार चादरीच्या आतून द्यायचा. बोट, बांगडी, पदराची कड यातलं काहीही दिसता कामा नये. दोन-तीन वर्षांचं मूल स्टुलावर बसतं. मागचं कापड त्याच्यापासून फूट-दीड फूट लांब ठेवलं की सावली कापडावर पडत नाही.

राहिलं तोंड मिटणं. खुळखुळा वाजवला की बाळ हसतं आणि तोंड उघडतं, म्हणजे बरोबर नको तेच होतं. न ऐकलेला बारीक आवाज, वाटीवर चमच्याची एकच टिचकी, हे जास्त उपयोगी: बाळ क्षणभर गप्प होऊन टक लावतं. आवाज लेन्सच्या अगदी वरून यायला हवा, नाहीतर नजर बाजूला जाते. जरा मोठ्या मुलाला पाण्याचा घोट द्यावा. गिळल्यावर दोन सेकंद ओठ मिटलेले असतात. तेवढ्यात बटण दाबून धरून ओळीने फोटो घ्यावेत. हे सगळं झोप आणि दूध झाल्यावर, नाहीतर सुरूच करू नये.

निवडलेला फोटो स्टुडिओला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा; एरवी तो दाबून लहान होतो. ४ गुणिले ६ इंचांच्या कागदावर ३५ गुणिले ४५ चे आठ बसतात, तरी भोवती थोडी जागा उरते. कागद भरून छापायची सेटिंग चालू असेल तर प्रिंटर चित्र किंचित मोठं करतो आणि चेहऱ्याचं माप चुकतं, म्हणून दुकानातच पट्टी लावून ४५ मिलिमीटर मोजून घ्यावं. कड ठेवू नका म्हणावं. कड धरून ४५ झालं तर आतला फोटो लहान पडतो. पावसाळ्यात इंकजेटची प्रिंट ओल्या बोटाने फिसकटते, म्हणून लॅबची प्रिंट घ्यावी. फोटो एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये कोरा कागद घालावा आणि टाचणी किंवा स्टेपल लावू नये.

अमेरिकेच्या व्हिसासाठी यातला कुठलाच चालत नाही. तिथे चौकोनी फोटो लागतो, २ गुणिले २ इंच म्हणजे ५१ मिलिमीटर, आणि त्यात डोकं २५ ते ३५ मिलिमीटर एवढंच. म्हणजे भोवती जास्त मोकळी जागा हवी. पासपोर्टसाठी घट्ट कापलेल्या फोटोतून तो बनवता येत नाही, पण सुरुवातीला मोकळं सोडून काढलेली मूळ फाइल जपली असेल तर तिच्यातून दोन्ही निघतात, फक्त व्हिसाचा फोटो ६ महिन्यांच्या आतला असावा लागतो.