आमवात की इओसिनोफिलमुळे आलेली सांधेसूज?

सांधे सुजलेत, सकाळी बोटं वळत नाहीत आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल वाढलेले दिसतात. अशा वेळी आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींमुळेच आलेली सूज यांची गल्लत सहज होते. दोन्हींत सांधा गरम आणि फुगलेला असतो, नुसतं हाताने तपासून फरक कळेलच असं नाही.

आधी तो आकडा नीट वाचायला हवा, कारण टक्केवारी फसवते. एकूण पांढऱ्या पेशी 6000 आणि इओसिनोफिल 8 टक्के असतील, तर प्रत्यक्ष संख्या 480 भरते. ती 500 च्या आत, म्हणजे ठीकच. पण एकूण पेशी 20,000 असतील, तर त्याच 8 टक्क्यांचे 1600 होतात. 1500 च्या वरची संख्या पुन्हा तपासूनही तशीच आली, तर तिचं कारण शोधलंच पाहिजे.

आमवात बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांना, दोन्ही बाजूंनी धरतो. सकाळचा ताठरपणा तासभर तरी सुटत नाही आणि हे दुखणं आठवडेच्या आठवडे चालतं. बऱ्याच जणांत आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी ही रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी पॉझिटिव्ह येते, सगळ्यांत नाही. आमवातातही इओसिनोफिल थोडे वाढू शकतात, कधी आजारामुळे, कधी औषधामुळे. सल्फासालाझिन हे आमवाताचं औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ आणि वाढलेले इओसिनोफिल असं एकत्र दिसलं, तर ती औषधाची गंभीर रिअॅक्शन असू शकते. डॉक्टरांना त्याच दिवशी गाठा.

दुसऱ्या बाजूला, म्हणजे इओसिनोफिलमुळे आलेल्या सुजेमागे, मात्र एकच एक आजार नाही. पोटातले जंत, एखादं औषध, दमा आणि सायनसच्या त्रासासोबत येणारा रक्तवाहिन्यांचा दाह, अस्थिमज्जेतला (हाडांतल्या, रक्तपेशी बनवणाऱ्या मगजातला) बिघाड, यांपैकी काहीही मुळाशी असू शकतं. एक प्रकार तर अगदी सौम्य असतो: अॅलर्जीचा कल असलेल्या माणसाला किरकोळ मार लागतो, एक सांधा एकदम फुगतो, फारसा दुखतही नाही आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. सगळी कारणं तपासून हाती काहीच लागलं नाही, तरच 'कारण अज्ञात' असं लिहायचं. हा शिक्का घाईने मारला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

खरा पुरावा सांध्यातल्या पाण्यात असतो. सुईने काढलेल्या या पाण्यात आमवातात मुख्यतः न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी सापडतात. इओसिनोफिल एरवी तिथे जवळपास नसतातच, त्यामुळे ते 2 टक्क्यांच्या वर गेले तरी डॉक्टर थबकतात. कधीकधी सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकांना निमुळते, लांबट स्फटिक दिसतात. त्यांना शार्को-लायडेन स्फटिक म्हणतात, आणि ते इओसिनोफिलमधल्याच एका प्रथिनाचे बनलेले असतात.

आणि हे सगळं स्टिरॉइडच्या आधी व्हायला हवं. स्टिरॉइडने दोन्हींतली सूज उतरते, म्हणून 'गोळीने बरं वाटलं' यावरून निदान होत नाही. उलट रक्तातले इओसिनोफिल काही तासांतच घसरतात आणि नंतरचा रिपोर्ट स्वच्छ दिसतो. त्याहून मोठा धोका स्ट्राँगिलॉइड्स या जंताचा. तो अनवाणी पायांतून शिरतो, वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि स्टिरॉइड मिळताच शरीरभर पसरून जीवावर उठू शकतो. शौचाच्या एका तपासणीत तो निसटतो, म्हणून रक्तातली अँटिबॉडीही पाहतात.

पुढचे रस्ते तर पूर्ण वेगळे. आमवाताला मेथोट्रेक्सेटसारखी औषधं वर्षानुवर्षं लागतात. जंत असतील तर जंतांचं औषध पुरतं. अस्थिमज्जेत एफआयपी1एल1-पीडीजीएफआरए हा जनुकीय बदल सापडला, तर इमॅटिनिब या औषधाने फार चांगला गुण येतो. संख्या सतत 1500 च्या वर असेल, तर सांधा बरा वाटत असला तरी इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा, कारण याच पेशी हृदयाच्या स्नायूलाही इजा करतात.